अर्ध्याला अर्धा कमी

निकाल सकाळीच आला आणि दुपारच्या चहापर्यंत घरात त्याचे सहा अर्थ निघाले. माणसं सहा होती म्हणून अर्थ सहा. सातवं कुणी असतं तर सातवाही निघाला असता.

निकाल तसा साधा होता. तिकडच्या भाषेच्या परीक्षेत धाकट्याला नऊपैकी ऐकण्यात आठ, वाचण्यात सात, लिहिण्यात सात आणि बोलण्यात साडेसहा. चारही ठिकाणी किमान सात हवे होते. साडेसहा म्हणजे काही वाईट नाही, एखाद्या गोष्टीत तेवढे मिळाले तर माणूस पेढे वाटेल. पण परदेशी कामाला जाणाऱ्यांना जिथे गुण मोजून आत घेतात, तिथे सात आणि साडेसहा यांच्यात एक पायरी नसते, अख्खा मजला असतो.

या धाकट्याला घरात सगळे अर्ध्या म्हणत. त्यामुळे निकाल ऐकताच थोरला भाऊ म्हणाला, "अर्ध्याला अर्धा कमी!" आणि मनापासून हसला. आपण दुःखी व्हायला हवं होतं हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

अर्ध्या हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. खरं तर ते त्या घरातल्या कुठल्याही पुरुषाला शोभलं असतं. तीन पिढ्या झाल्या, तिथल्या पुरुषांनी बोलताना क्रियापद वापरलेलं नव्हतं. "चहा जरा...", "आज दुकानात मी...", "त्या माणसाला तू..." असं म्हणायचं आणि थांबायचं. गाडी दारापर्यंत आणून उतरून जायचं. आत नेऊन लावायचं काम बायकांचं. त्यांना ते सोयीचं वाटे, आणि बायकांना तर फारच. कारण आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि 'नाही' त्याच्याही नंतर. म्हणजे पुरुषाने सगळं वाक्य बोलावं, आणि त्याचा अर्थ काय ते बायकोने ठरवावं.

आजोबा जाताना म्हणाले होते, "दुकान थोरल्याला..." आजीने डोळे पुसत वाक्य पुरं केलं, "...देऊ नका म्हणतायत." झालं. थोरले काका चिडून वेगळे झाले ते कायमचे, आणि फ्रिजदुरुस्तीचं ते दुकान धाकट्या मुलाकडे, म्हणजे आप्पांकडे आलं. आजोबांच्या मनात काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. आजीच्या मनात काय होतं ते सगळ्यांना कळलं.

आता आप्पा बाजूला झाले होते आणि दुकान दोन मुलं चालवत होती. खाली दुकान, वर घर. वरच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते, आणि अर्ध्या परीक्षा कशी झाली ते सांगत होता.

"बाई समोर बसलेली. तिचा प्रश्न, तुमच्या कामाबद्दल. तर माझं उत्तर, मी फ्रिज..."

"दुरुस्त करतो," माई म्हणाल्या. माई म्हणजे त्याची आई.

"हां. तर ती नुसती..."

"बघत राहिली," धाकटी म्हणाली. ती त्याची बायको. "माई, त्यांच्या भाषेत क्रियापद आधी येतं. त्यामुळे हा 'मी दुरुस्त करतो' एवढं म्हणाला आणि थांबला. फ्रिज राहूनच गेला. मग बाई थांबली, हा थांबला. आणि ह्याने डावीकडे बघितलं."

"डावीकडे का?"

"मी डावीकडे बसते ना नेहमी."

मोठी वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, खुदकन हसली. माई हसल्या नाहीत. "आणि ती बया आपणहून काही बोलली नाही? एवढं समजू नये माणसाला? फ्रिज नाही तर काय, घड्याळं दुरुस्त करणार होता?"

"तिला बोलायची परवानगी नसते, माई."

"मग बाईमाणूस कशाला बसवतात तिथे?" माई म्हणाल्या.

इथवर ठीक होतं. अर्ध्या नापास झाला, वाईट झालं, विषय संपला, असं म्हणून सगळे उठले असते. पण सकाळी पॉइंटवाल्याचा फोन येऊन गेला होता. परदेशी जाणाऱ्यांचे गुण जुळवून देणारा हा सल्लागार. त्याचं खरं नाव या घरात कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. तो म्हणाला, "एक रस्ता आहे. मिसेसचं नाव वर घ्या."

म्हणजे काय, तर धाकटी. ती दंततंत्रज्ञ होती. दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या टोप्या, पूल आणि कवळ्या एका प्रयोगशाळेत बसून बनवायची. तिनेही परीक्षा दिली होती, पण ती केवळ नवऱ्याच्या बेरजेत बायकोच्या भाषेचे चार गुण पडावेत म्हणून. मिठाबरोबर लिंबू ठेवतात तशी. तिला बोलण्यात साडेआठ मिळाले. परीक्षक बाईने प्रश्न अर्धा विचारला की उरलेला धाकटीच पुरा करी आणि मग उत्तर देई. उरलेला अर्धा गुण बहुधा बाईला तोंड उघडू न दिल्याबद्दल कापला असावा. शिवाय तिचं कामही तिकडे हव्या असलेल्या कामांच्या यादीत होतं. तिला मुख्य अर्जदार केलं तर गुण पुरून उरत होते. आणि अर्ध्याचे साडेसहा? मुख्य अर्जदाराच्या जोडीदाराला तिथे पाचसुद्धा चालत. म्हणजे हा वर बसला तर नापास, आणि खाली बसला तर अव्वल.

"पण खाली म्हणजे..." थोरला म्हणाला, आणि त्याने अर्जाचा मसुदा नाकाजवळ धरून वाचलं, "'मुख्य अर्जदारावर अवलंबून असलेली व्यक्ती'. हा अवलंबून असलेली व्यक्ती? मला तर हे अजिबात..."

"वावगं वाटत नाही," मोठी वहिनी चटकन म्हणाली.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. त्याला 'पटत नाही' म्हणायचं होतं. पण वाक्य झालं होतं.

"मला वाटतं," माई म्हणाल्या. "माझा मुलगा काही वेल नाही कुणाच्या आधाराने चढायला. अर्धा गुण तर हवाय! पुन्हा बसू दे परीक्षेला. घरच्या घरी तयारी करून घेऊ. आपला मान ठेवून जाऊ दे."

सगळ्यांना वाटलं, माईंच्या मानाला लागलं. सगळ्यांना तसंच वाटावं, हीच माईंची इच्छा होती.

माईंनी तीस वर्षं टेलिफोन केंद्रात ऑपरेटर म्हणून काढली होती. गावातल्या अर्ध्या लोकांची भांडणं त्यांच्या हातातून गेली होती, त्यामुळे माणूस काय बोलतो आणि कशासाठी बोलतो या दोन वेगळ्या लाइनी असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा हिशेब असा: पुढच्या महिन्यात अर्ध्याला चाळीस लागणार. चाळीस लागले की वयाचे गुण उतरणार. पुन्हा परीक्षा, पुन्हा निकाल, तोवर वाढदिवस उलटून गेलेला. मग बोलण्यात नऊपैकी नऊ मिळाले तरी बेरीज पुरणार नाही. पोरगा इथेच राहील, नाव परीक्षेचं होईल आणि मान शाबूत राहील. त्याची जन्मतारीख त्यांच्याइतकी कुणाला पाठ असणार? त्या दिवशी इतर सगळे बाहेरच्या बाकावर बसलेले होते.

"पॉइंटवाला संध्याकाळी परत फोन करणार आहे," धाकटी एवढंच म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.

मोठी वहिनी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि दार लोटून घेतलं.

"अगं, तू अजिबात मागे हटू नकोस हं! कुठल्या जमान्यात राहतात ही माणसं? नवरा वर नि बायको खाली! तुझी विद्या आहे, तुझे गुण आहेत. तू जा."

धाकटी कप विसळत राहिली. वहिनीचा पाठिंबा ऐकायला गोड होता, पण तो कुठल्या मजल्यावरून येतोय हे तिला माहीत होतं. धाकटीची ती सगळ्यात वरची खोली. दोन खिडक्या, आतून कडी, आणि माईंच्या कानांच्या टप्प्याबाहेर असलेली घरातली एकुलती एक जागा.

"कपाट मी ठेवूनच जाईन, वहिनी."

"कपाटाचं काय घेऊन बसलीस! मी काय कपाटासाठी बोलतेय?" वहिनी दुखावली. मग ओट्यावरचं नसलेलं पाणी पुसत म्हणाली, "आरसा आहे ना त्याला?"

"आहे. मोठा आहे."

दात बसवताना डॉक्टर एक रंगीत कागद वापरतात. दातांमध्ये धरून चावायला सांगायचं; जिथे ठिपका उमटतो तिथे दात उंच आहे, तिथे घासायचं. धाकटीला वाटलं, वहिनीच्या दातांतही एक कागद धरून बघावा.

"फक्त माईंच्या कवळीचं तेवढं तुम्हाला बघावं लागेल," ती म्हणाली. "हिरड्या बदलत असतात ना, ती अधूनमधून घासून द्यावी लागते. नाहीतर टोचते. आणि टोचली की त्या... म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. अवघड नाही हो. मी शिकवीन."

वहिनीचा हात थांबला. माईंची कवळी धाकटीने बनवली होती हे घरातलं जुनं कौतुक होतं. आपलेच दात नि आपलेच ओठ असं लोक म्हणतात; इथे सुनेचे दात नि सासूचे ओठ, आणि मधली जीभ कुणाचीही नव्हे. पण ती कवळी टोचली की घरात काय होतं, आणि टोचू नये म्हणून कोण काय करतं, याचा वहिनीने आजवर विचारच केला नव्हता. तिने मनातल्या तराजूत एका बाजूला वरची खोली ठेवली, दुसऱ्या बाजूला कवळी. मग कवळीच्या बाजूला माईंच्या डोळ्यांचे थेंब, आप्पांच्या गोळ्या आणि आप्पांची सगळी अर्धी वाक्यं ठेवली. खोली हवेत उचलली गेली.

"तसं बघितलं तर," वहिनी सावकाश म्हणाली, "माई म्हणतात त्यातही अगदीच तथ्य नाही असं नाही हं. पुरुषमाणसाच्या मनाला लागतं. तो बोलत नाही म्हणून काय झालं?"

ठिपका उमटला. धाकटीने नळ बंद केला आणि हसू दाबलं.

पण हसू दाबलं तरी खाली दुसरं काही होतंच. हव्या असलेल्या कामांची ती यादी तिने पहिल्यांदा उघडली ती नवऱ्याचं काम शोधायला, 'शीतकरण यंत्रांचा तंत्रज्ञ' आहे का बघायला. ते होतं. आणि जरा खाली, अपेक्षा नसताना, 'दंततंत्रज्ञ'. तिने बनवलेले दात शेकडो तोंडांत होते. माईंचं सोडलं तर त्यातलं एकही तोंड तिला ओळखत नव्हतं. लोक डॉक्टरचे आभार मानत. आणि इथे कुणीतरी, कुठल्या तरी लांबच्या कचेरीत बसून, हे काम करणारं माणूस आम्हाला पाहिजे असं लिहून ठेवलं होतं. तिला जायचं होतं. नवऱ्याच्या बेरजेतले चार गुण म्हणून नाही, स्वतःच्या कामावर जायचं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कुणीच नव्हतं. आणि आता सांगितलं तर नवऱ्याचं वाक्यही तीच बोलली असं होणार होतं. लग्नाला बारा वर्षं झाली, त्याचं प्रत्येक क्रियापद तिने पुरवलं होतं. हे एक ती पुरवणार नव्हती. हे त्याचं त्याने आणायचं.

खाली दुकानात त्याच वेळी दोन्ही भाऊ बोलत होते. त्याला बोलणं म्हणायचं तर.

अर्ध्या एका उघड्या फ्रिजच्या पाठीमागे बसून कॉम्प्रेसरला कान लावून ऐकत होता. हे त्याचं वैशिष्ट्य. मोटर कुठे अडते, गॅस कुठे गळतो, ते तो घरघर ऐकून सांगे; हत्यार नंतर उचली. थोरल्याचं वैशिष्ट्य गिऱ्हाइकाशी बोलणं आणि बिल करणं. दुकान दोघांचं होतं, पण गिऱ्हाईक बिल द्यायला येत नसतं, फ्रिज दुरुस्त करायला येतं, हे थोरल्याला सकाळपासून जरा जास्तच कळू लागलं होतं.

"तू गेलास की मग हे सगळं मी..." थोरला म्हणाला.

"हो ना. म्हणून तर मी..."

"तेच. मी पण माईला तेच..."

"पण पॉइंटवाला म्हणतो तसं जर..."

"नाही, तसं तर काय, कुणीही... पण आपण आपलं..."

"ते तर खरंच रे."

"मग झालं तर! तू फक्त वर येऊन स्पष्ट..."

"स्पष्टच," अर्ध्या म्हणाला आणि पुन्हा कान कॉम्प्रेसरला लावला.

आसपास बाई नव्हती. क्रियापदं तशीच हवेत राहिली. दोघांनाही वाटलं की दुसऱ्याने आपलं ऐकलं. थोरला तर इतका हलका झाला की त्याने शीळ घालत पाने जागेवर लावले, जे काम तो कधी करत नसे.

संध्याकाळी पुन्हा सगळे टेबलाशी जमले. बसण्याच्या जागा बदलल्या होत्या. मोठी वहिनी दुपारी धाकटीच्या बाजूला होती ती आता माईंच्या खुर्चीला खेटून बसली. थोरला टेबलाच्या टोकाला, न्यायाधीशासारखा. आप्पा नेहमीप्रमाणे खिडकीपाशी वर्तमानपत्राच्या मागे. आणि धाकटी अर्ध्याच्या डावीकडे बसली नाही. ती समोर बसली.

"आमचं दोघांचं खाली एकदम नक्की," थोरल्याने जाहीर केलं. "आता हा स्वतःच..."

अर्ध्याने चमकून त्याच्याकडे पाहिलं. काय ठरलं ते त्याला कळलेलं नव्हतं.

"सांग बाबा," माई म्हणाल्या. "मला काही कुणावर लादायचं नाही. तुझं आयुष्य, तुझं तोंड. तू हिच्या मागून जाणार?"

"मी?" अर्ध्याने घसा साफ केला. "मी हिच्या मागून..."

आणि थांबला.

"जाणार नाही," माई म्हणाल्या. इतक्या सहज, जणू कुणी लाइन मागितली आणि त्यांनी जोडून दिली. "मला माहीतच होतं."

"मलाही," वहिनी म्हणाली.

आता सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. रीतच होती तशी. आईने एक क्रियापद लावलं तर बायको दुसरं लावणार, आणि जिचा आवाज मोठा तिचं वाक्य खरं. अर्ध्यानेही सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे पाण्याचा तांब्या होता. मग त्याने समोर पाहिलं. धाकटी चहावर फुंकर घालत होती. चहा केव्हाच निवला होता.

"अगं, तू तरी काहीतरी..." तो म्हणाला.

"मला विचारलंय का कुणी?" धाकटी म्हणाली.

खालून फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज आला. आप्पा कधी मध्ये बोलत नसत, त्यामुळे आवाज कुठून आला ते कळायला सगळ्यांना वेळ लागला.

"मीही तेव्हा हिच्या मागून..." आप्पा म्हणाले.

माईंच्या मानेला जरासा झटका बसला. "ते कशाला काढता आता? आला नाहीत. झालं ते झालं."

'तेव्हा' म्हणजे कधी, ते मुलांनाही आजीकडून ऐकून माहीत होतं. थोरला पाळण्यात होता. माईंना बढती आली होती, मोठ्या शहरातल्या मोठ्या केंद्राची मुख्य ऑपरेटर म्हणून. आप्पा याच खोलीत आपल्या आईसमोर उभे राहून म्हणाले, "मी हिच्या मागून..." आणि आजी म्हणाली, "जाणार नाही म्हणतोय तो." दुसऱ्या दिवशी माईंनी बढती नाकारली. त्यावर त्या दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. नुसतं आप्पांच्या ताटात बरीच वर्षं भाजीला मीठ कमी पडत राहिलं.

"येणार होतो," आप्पा म्हणाले.

"काय?"

"येणार होतो, असं म्हणत होतो मी."

थोरल्याच्या हातातला मसुदा खाली आला. आप्पांच्या तोंडून पुरं वाक्य त्याने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि हे तर दोनदा.

माई खुर्चीसकट त्यांच्याकडे वळल्या. "मग बोलला का नाहीत? एवढी वर्षं?"

"वाक्य झालं होतं ना पुरं. आईने केलं. त्यावर परत बोलणं बरं दिसलं नसतं."

"बरं दिसलं नसतं!" माईंचा आवाज चढला. "अहो, मी सामान बांधायला काढलं होतं! मला वाटलं, ह्या माणसाला माझ्या मागून येण्याची लाज वाटते. इतकी वर्षं मी तेच धरून... आणि तुम्ही... तुम्ही..."

त्यांनाच क्रियापद सापडेना. या घरातल्या बाईवर अशी वेळ प्रथमच आली होती. वहिनीने मदत करायला तोंड उघडलं. माईंनी हातानेच तिला गप्प केलं. पाण्याचा घोट घेतला. पदराने ओठ टिपले. आणि मग त्या अर्ध्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"तू बोल. तुझं तू बोल. मी मध्ये पडणार नाही. आणि कुणी पडलं तर याद राखा. तू गेलेलं मला नकोय. तुला काय ते कळू दे, मला नकोय. पण ते माझं म्हणून सांगतेय. तुझं म्हणून नाही."

अर्ध्या उभा राहिला. बसून जमेल असं त्याला वाटेना.

"मी हिच्या मागून," तो म्हणाला. थांबला. सगळ्यांच्या जिभेवर एकेक क्रियापद तयार होतं आणि प्रत्येकाने आपापलं दाताखाली दाबून धरलं होतं. वहिनीला तर फार त्रास होत होता. अर्ध्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"जाईन," तो म्हणाला.

एवढ्यावर तो थांबेल असं वाटलं होतं. पण चाळीस वर्षं बंद असलेला नळ एकदा सुटल्यावर कुठे थांबतो? "जाईन, आणि तिथे जाऊन काम शोधीन, फ्रिज सगळीकडे बिघडतात, आणि काम मिळेपर्यंत हिचा डबा भरीन, घर झाडीन, आणि मागून मागून काय लावलंय, विमानात मी हिच्या शेजारीच बसेन! खिडकीत हीच बसेल, ते आमचं आधीच ठरलंय."

"कधी ठरलं?" धाकटीने विचारलं.

"आत्ता ठरवलं."

थोरला ताडकन उठला. "अरे, पण मघाशी खाली तर तू..."

"काय म्हणालो?"

थोरल्याने आठवून पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. खालच्या अख्ख्या बोलण्यातलं एकही क्रियापद त्याच्या हाताला लागेना. शेवटी तो म्हणाला, "तूच तर, स्पष्ट..."

"मग? झालं ना स्पष्ट?"

"आणि कॉम्प्रेसर कोण ऐकणार?" थोरला ओरडला. त्याच्या तोंडून पुरं वाक्य आलं हे गडबडीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. अखेर खरं काय ते बाहेर पडलं, म्हणून त्याचं त्यालाच जरा बरं वाटलं.

"तू ऐक," आप्पा म्हणाले. "मी बसतो तुझ्याजवळ. मला येतं ते." आज त्यांना कुणी आवरू शकत नव्हतं.

माईंनी आप्पांकडे अजून सरळ बघायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. तो हिशेब जुना होता आणि आता नव्याने मांडायचा होता. त्याला वेळ लागणार होता. पण त्यांनी थोरल्याच्या हातातून मसुदा घेतला आणि टेबलावरून धाकटीकडे सरकवला. "तुझं नाव वर ना? मग तुझ्यापुढे ठेव. आणि एक सांग, तुला जायचंय ना? का ह्याच्यासाठी म्हणून?"

"मला जायचंय, माई," धाकटी म्हणाली. "माझ्यासाठी म्हणून."

"हं," माई म्हणाल्या. "तुझ्याजागी मी असते तर मलाही जायचं असतं." आणि दुसरीकडे बघू लागल्या, कारण त्याहून जास्त त्यांच्याने बोलवेना.

फोन वाजला. अर्ध्याने उचलला आणि काही न बोलता बायकोच्या हातात दिला. धाकटीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"काय ठरलं मग?" पॉइंटवाला घाईत होता. "मुख्य अर्जदार कोण?"

"मी."

"उत्तम. काम दंततंत्रज्ञ, भाषा झाली, वय झालं. आता शेवटचा रकाना. तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती किती?"

धाकटीने मान वर केली. नवरा खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता, इतकी क्रियापदं एकदम वापरल्यामुळे दमलेला. मोठी वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होती. थोरला खालच्या घरघरीकडे कान देऊन, आतापासूनच, काही कळतंय का ते बघत होता. आप्पा माईंना काहीतरी सांगू बघत होते आणि माई, सुनेने बनवलेले दात गच्च आवळून, ऐकून घेत नव्हत्या.

"हॅलो? ऐकू येतंय ना? अवलंबून किती जण?"

"कागदावर ना?" धाकटी म्हणाली. "कागदावर एक."